मोजणीचा काटा कोणाच्या हाती?

परंडा तालुक्यातील सोनारी म्हटले की श्री काळभैरवनाथाचे जागृत ठाणे आठवते, चैत्रातील यात्रा आठवते आणि मंदिराच्या परिसरात निर्धास्तपणे वावरणारी वानरेही आठवतात. दर्शन आटोपून गावातून फिरताना रस्त्यालगतच्या एका छोट्याशा सेवा दुकानासमोर मी थांबलो. सात-बारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, परीक्षांचे अर्ज अशा साऱ्या गोष्टी तेथे मिळत होत्या. आत दोन संगणक, एक प्रिंटर आणि ताटकळलेली माणसे. बाहेर ओट्यावर बसलेला एक तरुण मात्र आत गर्दी पाहून भरतीचा अर्ज आपल्या मोबाइलवरच भरण्याच्या खटपटीत होता. अर्जाचे पान काही केल्या नीट उमटेना. तेव्हा त्याने मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ या चौकटीत खूण केली आणि बारीक अक्षरांत का होईना, पान पडद्यावर पूर्ण उमटले.

प्रसंग अगदी साधा. आपल्यापैकी अनेकांनी ही युक्ती केलेली असेल. परंतु त्या एका खुणेने पडद्यामागे काय घडते, ते जाणून घेण्यासारखे आहे. कोणताही ब्राउझर संकेतस्थळाकडे जाताना स्वतःची ओळख सांगत असतो. मी अमुक ब्राउझर, अमुक प्रणालीवर चालतो, मला पान दाखवा, असे काहीसे ते निवेदन असते. अँड्रॉइड मोबाइलवरील क्रोम ब्राउझरला ‘डेस्कटॉप साइट’ मागायला सांगितले की तो आपली ओळख बदलतो आणि आपण लिनक्सवर चालणाऱ्या टेबलावरच्या संगणकावरून आलो आहोत असे सांगतो. मोजणी करणाऱ्याने हे वेषांतर ओळखण्याची वेगळी तजवीज केलेली नसेल, तर ज्याच्या घरी संगणकच नाही असा सोनारीच्या ओट्यावरचा तो तरुण जगाच्या आकडेवारीत लिनक्सचा वापरकर्ता म्हणून जमा होतो!

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे एक आकडा. ‘स्टॅटकाउंटर’ नावाची, १९९९ साली आयर्लंडमध्ये सुरू झालेली एक कंपनी आहे. जगभरातील लक्षावधी संकेतस्थळांवर तिचे मोजणीयंत्र बसवलेले असते आणि त्या स्थळांची जितकी पाने उघडली जातात, त्यांवरून कोणत्या देशात कोणती संगणक प्रणाली किती वापरली जाते, याची टक्केवारी ती दरमहा प्रसिद्ध करते. या कंपनीच्या जुलै २०२४ च्या आकडेवारीत भारतातील टेबलावरच्या संगणकांत लिनक्सचा वाटा १६.२१ टक्के दाखवला होता. त्याच महिन्यात जगाची सरासरी ४.४५ टक्के होती. मुक्त प्रणालींच्या बाबतीत भारत जगाच्या जवळजवळ चौपट पुढे! स्वदेशी तंत्रज्ञानाविषयी आस्था असणाऱ्यांना आनंदाचे भरते यावे, असाच हा आकडा होता. मीही तो दोन-तीन बैठकांमध्ये मोठ्या अभिमानाने सांगितला, हे येथे कबूल करून टाकतो. सोनारीच्या ओट्यावर त्या अभिमानाला पहिली टाचणी लागली.

विषय ज्यांना नवा आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संगणक सुरू केल्यावर सर्वप्रथम जागी होते ती संचालन प्रणाली. पडदा, कळफलक, प्रिंटर आणि इतर आज्ञावल्या यांना ती एका सूत्रात चालवते. आपल्याकडे बहुतेक घरांत आणि कार्यालयांत ही प्रणाली म्हणजे मायक्रोसॉफ्टची विंडोज. तिचा अंतर्भाग बंद असतो. तो पाहता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, वाटता येत नाही. याच्या उलट मुक्त स्रोत प्रणालीचा आराखडा कोणीही पाहावा, बदलावा आणि दुसऱ्याला द्यावा, अशी सोय असते. लिनक्स ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला. त्या वेळी फिनलंडची लोकसंख्या सुमारे पन्नास लाख होती. एका लहान देशातून निघालेली ही प्रणाली आज जगातील बहुतेक मोठे सर्व्हर, सर्व महासंगणक आणि अँड्रॉइडच्या पोटातून आपल्या खिशातले मोबाइल चालवते. टेबलावरच्या संगणकावर मात्र तिचा प्रसार किती झाला, हे सांगणे अवघड. लहान देशांच्या बाबतीत तर ते फारच अवघड.

ते का, हे समजण्यासाठी आपली जुनी म्हण पुरेशी आहे. शितावरून भाताची परीक्षा होते. पण केव्हा? भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजला असेल तेव्हा. संकेतस्थळांवरील मोजणीत आपण शिते उचलतो ती माणसांची किंवा संगणकांची नव्हेत, तर उघडलेल्या पानांची. जो दिवसभर संगणकापुढे बसतो त्याची शंभर शिते, जो आठवड्यातून एकदा बसतो त्याचे एक. मोठ्या देशात अशा उणिवा एकमेकींना झाकून टाकतात. लहान देशात तसे होत नाही. समजा, एखाद्या चिमुकल्या देशात दिवसाकाठी दहा हजार पानांची नोंद होते. तेथील एका शाळेच्या चाळीस संगणकांवर लिनक्स बसवले आणि प्रत्येक संगणकावर मुलांनी दिवसातून पंचवीस पाने उघडली, तर ती झाली एक हजार. म्हणजे एका शाळेने देशाच्या आकड्यात थेट दहा टक्क्यांची भर घातली! उन्हाळ्याची सुट्टी लागली की त्या देशात मुक्त प्रणालीचा ‘ऱ्हास’ झाल्याची बातमी येणार, आणि जूनमध्ये पुन्हा ‘क्रांती’ होणार.

दुसरा चकवा याहून सूक्ष्म आहे. एखाद्या गावात शंभर संगणक आहेत व त्यांतील चार लिनक्सवर चालतात असे धरा. वाटा चार टक्के. आता मोबाइल आल्यामुळे पन्नास घरांनी आपले विंडोजचे संगणक माळ्यावर टाकले. उरले पन्नास, त्यांत लिनक्सचे तेच चार. वाटा झाला आठ टक्के. एकही नवा संगणक लिनक्सवर आला नाही, एकही माणूस काही नवीन शिकला नाही, तरी वाढ दुप्पट! ज्या देशांत सर्वसामान्य माणूस मोबाइलवर गेला आणि टेबलावरचा संगणक केवळ अभियंत्यांकडे उरला, तेथील टक्केवारी या एकाच कारणाने फुगू शकते. भारतातही हे काही प्रमाणात घडलेले असू शकते. म्हणून नुसता वाटा विचारू नये. छेद काय आहे, तेही विचारावे.

येथे कोणी म्हणेल, आपला देश एवढा प्रचंड, मग लहान देशांच्या मोजणीची उठाठेव आपण का करावी? त्याचे उत्तर जनगणनेत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. एस्टोनियाची लोकसंख्या सुमारे तेरा लाख आहे. भूतानची आठ लाखांच्या आत. आइसलंडची चार लाखांच्या आत. आपले गोवा राज्यही त्याच जनगणनेत १४ लाख ५८ हजारांचे होते. म्हणजे आठ तालुक्यांचा आपला धाराशिव जिल्हा हा लोकसंख्येने एक चांगला भरभक्कम लहान देश आहे. एस्टोनियात कोणती प्रणाली किती टक्के, याचा आकडा दरमहा मिळतो. तो कितीही लंगडा असो, मिळतो. धाराशिव जिल्ह्याचा असा आकडा कोठेही मिळत नाही.

वास्तविक या जिल्ह्याला मोजून घेण्याची सवय नाही असे नाही. २०१८ साली केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांची योजना सुरू केली, तिच्यात महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली, वाशीम यांच्यासह हा जिल्हा होता. आरोग्य, शिक्षण, शेती, पाणी, बँक खाती अशा ४९ निर्देशकांवर तो दरमहा मोजला जात होता. त्याही आधी, पिढ्यान् पिढ्या, येथील शेतकरी आणेवारी पाहत आला आहे. तिचीच पुढे पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या खाली आली तर टंचाईच्या सवलती, वर राहिली तर काही नाही. मोजणीत चूक झाली की तिची किंमत कोण मोजतो, हे मराठवाड्यातील शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी असतो आणि पाऊस आपल्या शिवारात पडत नाही, किंवा याच्या उलट. पीक आपल्या डोळ्यांदेखत जाते आणि कागदावर मात्र ‘सरासरी गाठली’ असे उमटते. ऊस उत्पादकाला तर वजनकाट्याचे महत्त्व अधिकच ठाऊक. उसाची मोळी त्याची, घाम त्याचा, पण काटा दुसऱ्याच्या अंगणात. संगणक प्रणालीच्या मोजणीतही आज आपला काटा दुसऱ्याच्या अंगणात आहे.

याआधी असे काटे कोणी लावलेच नाहीत, असे नव्हे. १९९३ साली नॉर्वेतील हाराल्ड अल्वेस्ट्रँड यांनी ‘लिनक्स काउंटर’ सुरू केला. ज्याला वाटेल त्याने स्वतःहून आपले नाव नोंदवायचे, अशी ती पद्धत. देशोदेशीच्या उत्साही मंडळींनी अभिमानाने नावे नोंदवली. पण उत्साह मोजणे वेगळे आणि वापर मोजणे वेगळे. लहान देशात दहा-वीस हौशी तरुण एकत्र आले की तो देश लोकसंख्येच्या प्रमाणात आघाडीवर जाऊन बसणार. जो निमूटपणे वापरतो तो नाव नोंदवत नाही. ज्याने वापर सोडला तो नाव काढायला परत येत नाही. डेबियन या प्रणालीत संगणक स्वतःच आपल्यावर कोणत्या आज्ञावल्या आहेत ते कळवतो, अशी ऐच्छिक सोय आहे. तीही मोजते ती फक्त होकार देणाऱ्यांना. आणि बंद जाळ्यावरचे संगणक यांतल्या कोणत्याच काट्यावर चढत नाहीत.

लहान देशांचे अनुभव या दृष्टीने फार उद्बोधक आहेत. मॅसिडोनिया, आजचे नाव उत्तर मॅसिडोनिया, हा सुमारे वीस लाखांचा देश. प्रत्येक मुलाला संगणक, अशी घोषणा तेथील शासनाने केली आणि २००७ साली शाळांसाठी एक लाख ऐंशी हजार आसनांची योजना जाहीर झाली. प्रणाली उबंटू लिनक्स. मात्र युक्ती अशी की एका संगणकाला सात पडदे आणि सात कळफलक जोडायचे, म्हणजे एका पेटीवर सात मुले शिकतील. आता ही मोजणी कशी करायची? पेट्या मोजल्या तर पंचवीस-सव्वीस हजार, मुले मोजली तर एक लाख ऐंशी हजार. दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि दोहोंत सातपटींचा फरक आहे.

भूतानने २००६ साली आपल्या झोंखा भाषेत लिनक्स तयार केले. जगाच्या बाजारात झोंखा भाषकांची संख्या इतकी अल्प, की कोणत्याही बड्या कंपनीने त्यांच्यासाठी घाई करण्याचे कारण नव्हते. मुक्त स्रोतामुळे त्या छोट्या राष्ट्राला कोणाची विनवणी करावी लागली नाही. त्याच सुमारास, २००५ च्या अखेरीस, नेपाळमधील ललितपूरच्या मदन पुरस्कार पुस्तकालय या साहित्यसंस्थेने ‘नेपालिनक्स’ प्रसिद्ध केले. लिपी आपलीच, देवनागरी. एका ग्रंथसंग्रह संस्थेने संगणक प्रणाली काढावी, ही गोष्ट मराठीतील वाङ्मयीन संस्थांनी जरा मनावर घ्यावी. या दोन्ही प्रयत्नांचे यश टक्केवारीच्या तक्त्यात दिसले नाही तर ते अपयश म्हणायचे का? माझ्या मते नाही. आपल्या भाषेतला पडदा पाहून ज्याचा धीर चेपला, अशा माणसाची नोंद कोणत्याही काट्यावर होत नाही.

आपल्याकडे येऊ. धाराशिव जिल्ह्यात मुक्त प्रणाली कोठे आहे, असा प्रश्न मी अनेकांना विचारला. बहुतेकांनी हसून मान हलवली. पण ती आहे, आणि चांगली ठळक जागी आहे. न्यायालयांत! ई-न्यायालय प्रकल्पात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबंटू लिनक्स स्वीकारले. न्यायाधीशांचे लॅपटॉप त्यावर चालले. खटल्यांच्या नोंदी ठेवणारी ‘सीआयएस’ ही आज्ञावली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, मुक्त स्रोत साधनांवर घडवली आणि तीच देशभरातील न्यायालयांत चालते. आज परंड्याचा शेतकरी बांधाच्या दाव्याची पुढील तारीख मोबाइलवर पाहतो, ती पुण्यात घडलेल्या याच आज्ञावलीतून येते. मराठी भूमीत इतके मोठे काम झाले, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. आयुर्विमा महामंडळानेही फार पूर्वीच आपल्या कार्यालयांत लिनक्स आणले. ही सारी यंत्रे दिवसभर आपापल्या अंतर्गत जाळ्यात काम करतात. ती बाहेरची संकेतस्थळे फारशी उघडत नाहीत. म्हणून आयर्लंडच्या काट्याला ती दिसत नाहीत. ज्याच्या घरी संगणक नाही तो तरुण मोजला जातो आणि ज्या न्यायालयात खराखुरा लिनक्स आहे ते सुटते. आकडा कदाचित योगायोगाने बरोबर येईलही, पण त्याला मोजमाप म्हणता येणार नाही.

केरळचे उदाहरण टाळून पुढे जाता येणार नाही. तेथील शाळांत लिनक्स रुजवणाऱ्या तत्कालीन सत्ताधाऱ्यांशी आपले मतभेद जगजाहीर आहेत. परंतु चांगल्याला चांगले म्हणण्यात कमीपणा नसतो. तेथील ‘काइट’ या संस्थेने २०१९ साली शाळांमधील दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी उबंटूवर आधारित नवी आवृत्ती काढली आणि त्यामुळे तीन हजार कोटी रुपये वाचल्याचे सांगितले. पहिल्या आकड्याला माझा नमस्कार. दुसऱ्याविषयी मात्र शंका आहे. ही बचत प्रत्येक संगणकासाठी सर्व परवाने पूर्ण किमतीला विकत घेतले असते, असे गृहीत धरून काढली जाते. आपल्या देशात परवाने कसे ‘घेतले’ जातात, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. केरळचे खरे यश पैशांत नाहीच. तेथील शिक्षक स्वतः प्रणाली बसवतात, दुरुस्त करतात, विद्यार्थ्यांना शिकवतात. हीच खरी मोजण्याजोगी गोष्ट. गोव्यातही या शतकाच्या आरंभी जुने संगणक दुरुस्त करून, त्यांवर लिनक्स घालून शाळांना देण्याचा उपक्रम झाला होता. अशा उपक्रमांत किती यंत्रे दिली, हे मोठ्या अक्षरांत छापले जाते. पाच वर्षांनी त्यांतील किती सुरू होती, हे विचारायला कोणी जात नाही.

एवढा खल करण्यासारखे यात काय आहे, असे वाटत असेल तर जुलै २०२५ मधील एक घटना आठवावी. गुजरातमधील वाडीनार येथे मोठा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या ‘नायरा एनर्जी’ या कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध लादले, कारण तिच्यात एका रशियन कंपनीचे मोठे भागभांडवल आहे. लगोलग मायक्रोसॉफ्टने नायराच्या सेवा थांबवल्या. परवान्याचे पैसे भरलेले, कंपनी भारतात नोंदलेली, भारताच्या कायद्याने कोणताही गुन्हा नाही, आणि तरी कर्मचाऱ्यांचे ईमेल बंद! कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, मग सेवा पूर्ववत झाल्या. निर्बंध युरोपचे, कंपनी अमेरिकेची, आणि काम अडले गुजरातेत. ज्याच्या हाती कुलूप त्याच्याच हाती किल्ली, हे आपण इतिहासात शिकलो होतो. परंड्याच्या किल्ल्यावरची ‘मुलूखमैदान’ तोफ १६३२ साली विजापूरला गेली. किल्ला जागेवर राहिला, तोफ ज्याची सत्ता त्याच्याबरोबर निघाली.

संरक्षण मंत्रालयाने हे ओळखले म्हणायचे. २०२३ साली तेथे उबंटूवर आधारित ‘माया’ ही प्रणाली विंडोजच्या जागी आणण्याचा निर्णय झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. प्रगत संगणन विकास केंद्राने, अर्थात सी-डॅकने, ‘बॉस’ ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली २००७ सालीच काढली होती. २०१५ साली केंद्राने मुक्त स्रोत धोरणही जाहीर केले. कागदावर काहीच कमी नाही. कमी आहे ती या धोरणाची पैसेवारी. दहा वर्षांत पीक किती आले, हे कोणी कापून पाहिलेले नाही.

आणि आता वेळही येऊन ठेपली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चकती आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. खेड्यातील शाळांत, पतसंस्थांत, सेवा दुकानांत असलेले कितीतरी चांगले चालते संगणक त्या अटीत बसत नाहीत. अशा यंत्रांना दोनच वाटा. एक तर असुरक्षित अवस्थेत रेटायचे, नाहीतर भंगारात काढायचे. तिसरी वाट लिनक्सची. जुन्या यंत्रावर ते उत्तम चालते, पैसे पडत नाहीत, विषाणूंचा त्रास कमी. मग लोक त्या वाटेने का जात नाहीत?

याचे उत्तर देशप्रेमाच्या अभावात शोधणे हा आळस होईल. अडचणी खऱ्या आहेत. शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता लागते. ती मिळवण्यासाठी २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने लक्षावधी मराठी मुलांना संगणकाची ओळख करून दिली, हे उपकार मोठेच. परंतु ती ओळख झाली विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांच्या रूपाने. संगणक म्हणजे विंडोज, हे समीकरण तेथे पक्के झाले. दुसरी अडचण अक्षरांची. श्री-लिपी, कृतिदेव, सुरेख अशा जुन्या फाँटांत आपल्याकडे पंचवीस-तीस वर्षांचा मजकूर साठलेला आहे. तो युनिकोड नाही, त्यामुळे दुसऱ्या प्रणालीवर नेला की त्याचा काला होतो. वास्तविक लिनक्समध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक असतो, लोहित देवनागरीसारखे मुक्त फाँट असतात, ‘दुसऱ्या’मधला अर्धा रही व्यवस्थित उमटतो, आणि पडद्यावरच्या सूचनांचे मराठीकरण पुण्यातील तरुणांनी वर्षानुवर्षे निष्ठेने केले आहे. ते पाहायला मात्र कोणी गेले नाही. तिसरी अडचण सर्वांत खमकी. अंगठ्याचे यंत्र, डिजिटल स्वाक्षरीची किल्ली, हिशेबाची टॅली! यांच्या चालक आज्ञावल्या बहुधा विंडोज डोळ्यांपुढे ठेवून बनतात. कित्येक शासकीय संकेतस्थळे वर्षानुवर्षे केवळ इंटरनेट एक्सप्लोररवरच उघडत होती. त्या ब्राउझरला खुद्द मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निरोप दिला, तेव्हा कोठे धावपळ झाली.

म्हणून माझे म्हणणे असे की मोजायचेच असेल तर ही अडचण मोजावी. परंड्यासारखा एखादा तालुका घ्यावा. सामान्य नागरिकाला, शेतकऱ्याला, विद्यार्थ्याला लागणाऱ्या शासकीय सेवांची यादी करावी. त्यांतील किती सेवा केवळ लिनक्स असलेल्या संगणकावरून आरंभापासून शेवटपर्यंत पार पडतात, हे प्रत्यक्ष बसून पाहावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. हा आकडा कोणाच्याही वेषांतराने फुगणार नाही. शाळांची वार्षिक माहिती घेणाऱ्या यूडायस प्रणालीत संगणक किती व त्यांतील चालू किती, हे विचारले जातेच. तेथे तो कोणत्या प्रणालीवर चालतो, हा एक रकाना वाढवायला कितीसा खर्च येतो? २०११ च्या जनगणनेने घरात संगणक आहे का आणि इंटरनेट आहे का, हे विचारले, तेव्हा देशातील ९.५ टक्के घरांत संगणक असल्याचे कळले. त्या एका प्रश्नाने किती चर्चांना पाया मिळाला! शिवाय तालुक्यात लिनक्स बसवू आणि दुरुस्त करू शकणारी माणसे किती, त्यांची गणना व्हावी. शंभर यंत्रे आणि दुरुस्त करणारा एकही नाही, ही वाढ नसून उसनवारी आहे.

यात आपलाही वाटा आहे. शाखेत, वर्गात, वाचनालयात संगणक जाणणारे तरुण आता गावोगावी आहेत. सेवा दुकानदाराला भाषण नको असते. त्याचा एक जुना संगणक घेऊन, त्यावर विंडोजशेजारीच लिनक्स बसवून, कोणते काम होते आणि कोणते अडते याची वही ठेवणे, एवढे काम एका रविवारचे आहे. अशा पन्नास वह्या जमल्या, तर कोणत्याही परदेशी तक्त्यापेक्षा त्यांची किंमत अधिक. आणि त्यांत ‘अडते’ हा रकाना प्रामाणिकपणे भरावा. आपल्या बाजूचा आकडा फुगवून सांगण्याचा मोह स्वदेशीच्या कार्यकर्त्यालाही होतो. तो मलाही झाला होता, हे वर सांगितलेच. तसेच भारतीय कंपनीचे ते सारे मुक्त, हाही गैरसमज नको. एखादी आज्ञावली चेन्नईत बनली तरी बंद असू शकते आणि हेलसिंकीत जन्मलेली असूनही पूर्णपणे आपली होऊ शकते. दोन्हींचे आपापले महत्त्व आहे, पण मोजताना एकाच खात्यात जमा करू नयेत.

सोनारीच्या त्या दुकानात संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी पुन्हा गेलो. दुकानदाराचा एक संगणक विंडोज १० वर होता, दुसरा त्याहून जुना. सुधारणा येणे थांबले आहे, हे त्याला पडद्यावरच्या सूचनेमुळे माहीत होते. नवा संगणक घ्यायला पुढच्या हंगामापर्यंत जमणार नाही, असेही तो म्हणाला. मी त्याला लिनक्सविषयी सांगितले, न्यायालयातल्या संगणकांविषयी सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग टेबलावरचे अंगठ्याचे यंत्र हातात धरून तो म्हणाला, “काका, तुमचं समदं पटतंय. पण हे मशीन त्याच्यावर चालतंय का, तेवढं सांगा. हे चाललं की उद्याच टाकतो.” मी त्याचे यंत्र कोणत्या कंपनीचे आहे ते टिपून घेतले आहे. पुढच्या खेपेस जाताना एक लॅपटॉप आणि रिकामी वही बरोबर न्यायची आहे.